कुठला सेल, कुठलं लेटर : स्पेलिंग तपासायच्या टूलच्या प्रकल्प नोंदी

३ जुलै २०२५

मावसभावाचं (दादाचं) डीटीपी आणि प्रिंटिंगचं दुकान आहे, त्याच्यासाठी एक छोटं टूल करायचंय. मजकूर पेस्ट केला की गोंधळाचे इंग्रजी शब्द पिवळे होतील, बस, एवढंच. वर्डची असते तशी लाल रेघ नकोय कारण ती आहेच की आधीपासून, आणि तिचा प्रॉब्लेम असा की डिक्शनरीत नसलेलाच शब्द तिला दिसतो. अकोमोडेशनमधला एक एम खाल्ला तर लगेच बोंबलते, पण शाळेच्या लेटरहेडवर मुख्याध्यापकांच्या सहीखाली तत्त्ववाला प्रिन्सिपल छापला तर गप्प, कारण शेवटी एल-ई वाला प्रिन्सिपल पण खराखुरा शब्द आहे. दुकानात सगळे राडे या दुसऱ्या जातीचे होतात.

मजकूर येतो कसा ते पण लिहून ठेवतो, पुढे लागेल. व्हॉट्सअपवर, अर्धा व्हॉइस टायपिंगने केलेला. कधी वहीच्या पानाचा फोटो. कधी फोनवर नुसतं बोलून, आणि मग ऑपरेटर ताई जे ऐकू आलं ते टाइप करतात. नंतर कोरलमध्ये (डिझाइनचं सॉफ्टवेअर) सेटिंग, गिऱ्हाइकाचा ओके, आणि प्लेटला पाठवायच्या आधी कर्व्ह. एकदा कर्व्ह केलं की अक्षरं ही अक्षरं राहत नाहीत, नुसते आकार होतात, स्पेलिंग तपासायचं साधं टूल ते वाचू शकत नाही. म्हणजे तपासणी कोरलच्या आधी, पेस्ट करतानाच झाली पाहिजे. हे पक्कं.

५ जुलै

नेटवर तयार याद्या ढिगाने आहेत, गोंधळाचे शब्द म्हणून. तीन-चार उतरवल्या आणि ताईंना बसवून एकेक जोडी विचारली, ही कधी दिसते का. निम्म्याहून जास्त ठिकाणी त्यांची मान आडवी हलली. कारण पण तिथेच कळलं, या याद्या इंग्रजी आईच्या दुधातून आलेल्या लोकांसाठी केल्यात.

सगळ्यात फेमस जोडी घ्या, अफेक्ट आणि इफेक्ट. इंग्रज माणूस बोलताना पहिला स्वर इतका गिळतो की दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून तो चुकतो. आपण एक अ म्हणतो, एक इ म्हणतो, आपल्या कानाला ते सख्खे भाऊ पण नाहीत. आपण चुकलोच तर क्रियापद कुठलं आणि नाम कुठलं यात चुकतो, ते वेगळं दुखणं.

वाक्प्रचारांची तर अजून मजा. इंग्रजीत एगकॉर्न नावाचा एक प्रकार आहे, ऐकलेला शब्द आपल्या समजुतीने भलत्याच पण अर्थ लागेल अशा शब्दात बदलून लिहायचा. एक बाई एकॉर्न, म्हणजे ओकच्या झाडाचं फळ, त्याला एग कॉर्न लिहायच्या, त्यावरून २००३ मध्ये जेफ्री पुलम या भाषाशास्त्रज्ञाने हे नाव सुचवलं. ‘फॉर ऑल इंटेन्ट्स अँड पर्पजेस’चं ‘इंटेन्सिव्ह पर्पजेस’ करणं, स्केपगोटचं ‘एस्केप गोट’ करणं वगैरे. पण यासाठी तो वाक्प्रचार लहानपणापासून फक्त कानावर पडलेला लागतो. आपण असले वाक्प्रचार गाइडमधून पाठ केले, स्पेलिंग आधी आणि उच्चार नंतर, त्यामुळे ही चूक आपल्याकडून होतच नाही. सगळे एगकॉर्न यादीतून बाद.

आणि ताईंच्या रोजच्या चुका कुठल्या, तर प्लॉट फॉर सेल मधला सेल ई-डबल एल ने. प्राइज डिस्ट्रिब्यूशनला किंमतवाला प्राइस. ‘प्लीज ॲडव्हाइस’ला सी. लिव्हिंग सर्टिफिकेट. यातलं पहिलं आणि शेवटचं त्या परदेशी याद्यांत मला सापडलं नाही, कारण त्यांच्या कानाला सेल आणि सेल वेगवेगळे लागतात.

म्हणजे यादी आपल्या कानावरून करायला लागणार.

९ जुलै

कान कॉम्प्युटरमध्ये कसा घालायचा हा प्रश्न. आधी साउंडेक्स बघितलं, जुनं तंत्र आहे, १९१८ चं अमेरिकन पेटंट, आडनावं उच्चारावरून एकत्र लावायला केलेलं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर उडवायचे, बाकी व्यंजनांना आकडे. लेटर (पत्र) आणि लेटर (नंतर) दोघांना एल-३६० मिळतो, छान वाटलं, पण शिडीवाल्या लॅडरला पण एल-३६०च मिळतो. आणि पहिलं अक्षर पक्कं ठेवल्यामुळे एस वाला सेल आणि सी वाला सेल वेगवेगळ्या घरात जातात. आपल्या कामाचं नाही.

मग दुसरी वाट. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश फुकट मिळतो, त्यात १,३४,००० च्या वर शब्द आहेत आणि प्रत्येकापुढे उच्चार ३९ ध्वनींच्या खुणांमध्ये लिहिलेला. उच्चार अमेरिकन आहेत, पण एक फायदा म्हणजे ते र पूर्ण म्हणतात, आपल्यासारखा, ब्रिटिश लोक गिळतात तसा नाही. तर आयडिया अशी की प्रत्येक खुणेला मराठी माणूस देवनागरीत काय लिहील ते जोडायचं, सगळा कोश देवनागरीत उतरवायचा, आणि जे दोन-तीन शब्द देवनागरीत हुबेहूब एकच होतात ते एका बादलीत टाकायचे. बादलीत एकापेक्षा जास्त शब्द पडले की तिथे आपला माणूस स्पेलिंगला अडखळणार. निदान अडखळू शकतो.

दादाला सांगितलं तर म्हणाला, “एवढं कशाला, ताईंना इंग्रजीचा क्लास लाव.” ताई म्हणाल्या फी तुम्हीच भरा मग. विषय संपला.

१३ जुलै

रविवार होता, दिवसभर बसलो. पहिल्या बादल्या तयार झाल्या आणि बघताना हसू आवरेना.

मुख्य गुन्हेगार आपला ए. इंग्रजीत दोन आहेत, पत्रातल्या लेटरचा आखूड ए आणि ‘नंतर’वाल्या लेटरचा लांब, शेवटाला य कडे झुकणारा. आपण दोघांना एकच मात्रा देतो आणि मोकळे होतो. मग ‘सेल’च्या बादलीत विक्री, विकणे, पेशी उर्फ घड्याळाचा सेल, आणि जहाजाचं शीड असे सगळे. ‘वेट’मध्ये वजन, थांबा आणि ओलं. ‘टेस्ट’मध्ये चव आणि परीक्षा. ‘डेट’मध्ये तारीख आणि कर्ज (कर्जातला बी मुका आहे, जुन्या इंग्रजीत तो नव्हताच, विद्वानांनी लॅटिन डेबिटमची आठवण म्हणून मागाहून घुसवला, आणि पोरं अजून भोगतायत). ‘मेन’मध्ये मुख्य आणि पुरुष, ‘एज’मध्ये वय आणि कड, ‘पेन’मध्ये लेखणी आणि दुखणं. ‘चेक’मध्ये तपासणी, बँकेचा चेक आणि झेक देशाचा माणूस. ‘पेपर’मध्ये कागद आणि मिरी, हे मेनूकार्डात फार महाग पडतं, पेपर डोसा कागदाचा बरोबर आहे पण पेपर चिकन कागदाचं होऊन चालत नाही.

कचरा पण भरपूर. कोशात अमेरिकन आडनावं पोत्याने आहेत, ती प्रत्येक बादलीत शिरलीत. शब्द किती वापरात आहेत याची एक यादी लावून दुर्मिळ शब्द गाळले, तरी उरतात बरेच. शेवटी एक रकाना ठेवला ‘दुकानात दिसते का’ आणि तो ताईंनीच भरायचा. ह्या कामात कॉम्प्युटर फक्त पाणी उपसतो, चाळायला माणूसच लागतो.

१५ जुलै

व्ह चा घोळ. आपल्याकडे व्ही साठी व्ह आणि डब्ल्यू साठी व अशी सोय आहे, म्हणून वेस्ट आणि व्हेस्ट मराठीत टक्कर खात नाहीत. हिंदीत दोन्हीला व, तिथे खातील. पण आपण डब्ल्यू-एच ला पण व्ह लिहितो, व्हाइट, व्हील, व्हॉट्सअप. उच्चारकोशात मात्र डब्ल्यू-एच वाले बहुतेक शब्द साध्या डब्ल्यूनेच दिलेत. म्हणजे नुसत्या ध्वनीवरून नाही भागत, स्पेलिंग पण बघून व्ह द्यायला लागतो. तसं केल्यावर ‘व्हील’मध्ये चाक आणि वासराचं मांस एकत्र आले, आणि हवामानवाला वेदर आणि ‘की नाही’वाला व्हेदर वेगळे झाले. पण निम्मी जनता दोघांना वेदरच म्हणते. ती जोडी हाताने परत घातली.

१९ जुलै

ताईंनी त्यांची यादी देवनागरीत टाइप करून पाठवली आणि माझ्या बादल्यांशी जुळवली तर ॲ वाले शब्द जुळेचनात. डोळ्याला तंतोतंत सारखे, कॉम्प्युटर म्हणतो वेगळे. कारण युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरवलेला कोड) ॲ दोन प्रकारे येतो. एक म्हणजे अ टाइप करून वर चंद्र, दोन कोड. दुसरा म्हणजे ॲ हे एकच स्वतंत्र अक्षर, ते युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, ५.१ आवृत्तीत. आणि नॉर्मलायझेशन नावाची जी सोय असते असले जुळे एक करायला, ती या जोडीला हात लावत नाही. ज्याचा कीबोर्ड जसा तसा त्याचा ॲ. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले ते बरं झालं, पण कीबोर्डवाल्यांपर्यंत सगळीकडे एकच रीत पोचलेली नाही.

उपाय एका ओळीचा, आत येणारा प्रत्येक अ-चंद्र आधी एकाच कोडात बदलायचा आणि मगच जुळवायचं. गोंधळाचे शब्द शोधायला निघालो आणि आपलंच अक्षर दोन रूपांत निघालं.

२४ जुलै

आज लिव्हिंग सर्टिफिकेट. शाळा सोडल्याचा दाखला, इंग्रजीत लीव्हिंग, ई-ए ने. पण अख्खा महाराष्ट्र लिव्हिंग म्हणतो, आणि म्हणतो तसं लिहितो, एल-आय-व्ही. त्याचा अर्थ होतो जिवंत असल्याचा दाखला, आणि गंमत म्हणजे तो पण कागद असतो, पेन्शनवाल्यांना दरवर्षी द्यायला लागतो, हयातीचा दाखला. त्याला इंग्रजीत लाइफ सर्टिफिकेट म्हणतात. म्हणजे एलसी काढायला आलेला पोरगा आणि पेन्शनर आजोबा, दोघांचे कागद मधल्या एका स्वरावर अदलाबदल.

इंग्रजीत ऱ्हस्व इ आणि दीर्घ ई ने अर्थ बदलतो, आपण उसन्या शब्दात ते मनावर घेत नाही. म्हणून इ-ई एक करायचा नियम टाकला. लगेच स्टील आणि ‘अजूनही’वाला स्टिल, फील आणि फिल, लिस्ट आणि लीस्ट, सीट आणि सिट, सगळे एकत्र आले. ‘फील इन द ब्लँक्स’ प्रश्नपत्रिकेत येतं ते यामुळे.

दुसरा नियम स आणि ज. हा जास्त कामाचा. लूज बघा. ढिल्यावाला लूस आहे मूळचा, शेवटी स्वच्छ स. आपण त्याला लूज केला, लूज मोशन, लूज तेल, नट लूज झालाय. हरवण्यावाला मात्र मुळातच लूज, सिंगल ओ. दोघांचा उच्चार आपण एक करून टाकला, मग लिहिताना डबल ओ कुणाला द्यायचा हे कळणार कसं. नियम लावल्यावर प्राइस-प्राइज आले, ॲडव्हाइस-ॲडव्हाइज आले, फेस-फेज आले. तांदूळवाला राइस आणि उगवण्याचा राइज पण आले पण ते ताईंनी खोडले, तांदूळ कुणी चुकवत नाही म्हणे, रोज खातो.

क्वाइट वेगळा बसवला. ‘बराचसा’वाला आणि ‘शांत’वाला यात इंग्रजी उच्चाराला मध्ये एक अर्धा अ जास्त आहे, आपण तो खातो. तो खायचा नियम सगळीकडे लावला तर कहर होतो, म्हणून फक्त आय च्या पुढचा अ खाल्ला.

२९ जुलै

सगळंच कानाचं नाही, बोटाचं पण आहे. लग्नाच्या बायोडेटात मॅरिटल स्टेटस असतं, त्यातला आय आणि टी जागा बदलून बसले की मार्शल होतो. मार्शल स्टेटस : अनमॅरीड. म्हणजे लष्करी अवस्था, अजून लग्न नाही. दोन्ही शब्द डिक्शनरीत, लाल रेघ गायब. फ्रॉम चा फॉर्म होतो तसंच. आणि पब्लिक मधला एल पडला तर काय उरतं ते इथे लिहीत नाही, प्रेसवाल्यांना सगळ्यांना माहीत आहे, बोर्ड छापून झाल्यावर कळलं की रात्रभर झोप नसते.

फ्रेड डॅमेराऊ नावाच्या माणसाने १९६४ च्या पेपरात मांडलं होतं की स्पेलिंगच्या चुकांपैकी साधारण ८०% चुका चारच प्रकारच्या असतात, एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेलं, किंवा शेजारची दोन उलटी. त्याच चार क्रिया चालवून खऱ्या शब्दाचा खराच शब्द कुठे होतो तेवढं शोधलं. यादी अफाट येते, तीन-चार अक्षरी शब्द तर सगळेच एकमेकांचे शेजारी. म्हणून इथे उलटं केलं, दुकानात छापून जाणाऱ्या ठरावीक शब्दांचेच शेजारी काढले, मॅरिटल, पब्लिक, मॅनेजर (एक ए पडला की गव्हाण होते), युनायटेड (आय-टी उलटले की सुटलेला).

२ ऑगस्ट

गणपती २७ तारखेला, स्मरणिकांच्या जाहिराती सुरू झाल्या. अर्ध्या जाहिरातींचा मजकूर एकच, ‘विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम’ आणि खाली नाव. शुभेच्छावाला कॉम्प्लिमेंट मध्ये आय. ई घातला तर पूरक होतो. दोघांची लॅटिन मुळं एकच, पूर्ण करणे, पुढे एक शिष्टाचार पूर्ण करण्याकडे वळला आणि फ्रेंच-इटालियन वाटेने आय घेऊन आला.

यातून एक चांगली गोष्ट सुटली. मी आत्तापर्यंत जोडीतले दोन्ही शब्द पिवळे करत होतो आणि ताई वैतागत होत्या, एका पानावर शंभर पिवळे. पण या दुकानात ई वाला कॉम्प्लिमेंट बरोबर असायची वेळ जवळपास येतच नाही. तसंच स्टेशनरी. वह्या-पेनवाली ई ने, स्थिर उभी ए ने. (मूळ एकच, मध्ययुगात फिरते विक्रेते असायचे, तसं न फिरता विद्यापीठांजवळ एका जागी दुकान मांडून बसणारे पुस्तकवाले, ते स्टेशनर.) दुकानाच्या पाटीवर स्थिर उभी कुणाला हवीय? म्हणून आता जोडीतला जो दुर्मिळ तोच पिवळा. मार्शल पिवळा, मॅरिटल नाही. मेनूकार्डात वाळवंटवाला सिंगल एस डेझर्ट पिवळा, गोडवाला डबल एस नाही.

दोन्ही शब्द सारखेच येतात अशा जोड्या उरतात, सेल, प्राइस, लेटर. तिथे शेजारचा शब्द बघायचा. सेलपुढे डीड किंवा मागे फॉर असेल तर ए वाला हवा. प्राइसपुढे डिस्ट्रिब्यूशन आलं तर झेड. प्लीजच्या मागोमाग ॲडव्हाइस आलं तर एस. लँग्वेजटूल म्हणून ओपन सोर्स प्रोग्राम आहे, त्यात हेच काम गुगलच्या एन-ग्रॅम डेटावर करायची सोय आहे, कुठला शब्द कुणाशेजारी किती वेळा येतो याचा हिशोब. भारी आहे पण तो डेटा कित्येक जीबीचा, दुकानातलं मशीन जुनं, आणि मुळात मेनूकार्डात वाक्यच नसतं. ‘पेपर चिकन २२०’ याला कुठला शेजार आणि कुठलं व्याकरण. त्यासाठी पदार्थांची यादीच घातली.

८ ऑगस्ट

लायसन्स. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी आणि क्रियापदाला एस, अमेरिकेत दोन्हीला एस. प्रॅक्टिसचं ब्रिटिश गणित तेच पण अमेरिकेत दोन्हीला सी, आता याला काय म्हणायचं. बँकेचा चेक आपल्याकडे क्यू ने, अमेरिकेत तपासणीवालाच. डिफेन्स, सेंटर, कलर सगळं त्याच भांडणातलं, बरचसं नोआ वेबस्टरच्या १८०६ आणि १८२८ च्या कोशांनी अमेरिकेत पक्कं केलेलं.

दुकानातल्या वर्डची भाषा यूएस वर आहे, म्हणून तो बरोबर असलेल्याला लाल करतो आणि ताई बिचाऱ्या बरोबरचं चूक करतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात, १९८८ च्या, ड्रायव्हिंग लायसन्स सी नेच आहे. टूलमध्ये ब्रिटिश ठेवलं. वर्डची भाषा इंग्लिश इंडिया केली. आयटी कंपनीचं काम आलं आणि त्यांना अमेरिकन हवं असेल तर एक खूण काढायची, सगळं उलटं होतं.

१० ऑगस्ट

अपोस्ट्रॉफी. ‘युअर्स फेथफुली’त आर आणि एस च्या मध्ये टिंब लटकवायची सवय शाळेपासूनची. तिथे कधीच येत नाही, एकही अपवाद नाही, म्हणून हा नियम सगळ्यात सोपा. इट्सचा त्रास जास्त, टिंबवाला म्हणजे इट इज, बिनटिंबाचा म्हणजे त्याचं. हा बिनटिंबाचा इट्स तसा इंग्रजीत नवाच, १६११ च्या किंग जेम्स बायबलच्या मूळ छपाईत तो नाहीच, तिथे हिज वगैरे वापरून भागवलंय, आणि नंतर बराच काळ खुद्द इंग्रज लोकच त्याला टिंब देऊन लिहायचे. पण गिऱ्हाइकाला हे सांगून उपयोग नाही.

टेक्निकल : सरळ टिंब आणि वाकडं टिंब हे दोन वेगळे कोड आहेत, व्हॉट्सअपवरून दोन्ही येतात, आधी एक करून घेतले.

१७ ऑगस्ट

दुकानातल्या मशीनवर चढवलं. स्मरणिकेच्या जाहिरातींचा गठ्ठा ताईंनी एकेक पेस्ट करून बघितला, कॉम्प्लिमेंट्सचे ई वाले लगेच सापडले, एका जाहिरातीत ‘स्टील अव्हेलेबल’ पिवळं झालं, ते भांड्यांचं दुकान निघालं, म्हणजे बरोबर होतं. स्टीलला पदार्थांसारखीच मालाची यादी लागेल.

देन आणि दॅन अजून राहिलंय. तुलनेचा दॅन आणि ‘मग’वाला देन. आपल्याकडे ॲ आणि ए वेगळे आहेत म्हणून बादली वेगळी पडते, पण लिहिताना लोक ए वालाच देन सगळीकडे टाकतात. मोअर, बेटर, लेस, रॅदर याच्या पुढे ई वाला आला की पिवळा, एवढं आज घातलंय. अदर च्या पुढे पण घालायला पाहिजे. ताईंनी स्वतःहून एक ओळ वाढवून ठेवलीय, स्नॅक्सच्या पाटीत सी-के च्या जागी के-ई, म्हणजे साप. ती माझ्या कुठल्याच नियमातून आली नव्हती. दादा म्हणतोय शेजारच्या फ्लेक्सवाल्याला पण दे कॉपी, त्याला बदल्यात दोन बॅनर फुकट करायला लावतो.